परीक्षा कारागिराची

म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार हे स्थापत्यशास्त्राचे पंडित नव्हते. कावेरीच्या पात्रात किती उंचीची भिंत टिकेल, याचे गणित त्यांना मांडता आले नसते. तरीही १९०९ साली त्यांच्या संस्थानाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची मुख्य अभियंता म्हणून नेमणूक केली, आणि ती निवड अचूक ठरली. विश्वेश्वरय्यांचे शिक्षण पुण्यास झालेले. नोकरीची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्यात गेलेली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले, पूर येताच आपोआप उघडणारे दरवाजे कोणीही जाऊन पाहावेत असे उभे होते. ज्याला शास्त्र कळत नाही, त्यालाही काम पाहता येते.

त्याच म्हैसुरात आज इन्फोसिससारख्या कंपनीचे विशाल प्रशिक्षण केंद्र आहे; संगणकाची विद्या शिकून तेथून हजारो तरुण बाहेर पडतात. परंतु समजा, याच शहरातील एखाद्या रेशमी साड्यांच्या व्यापाऱ्याला आपल्या दुकानाचा हिशेब व मागण्या सांभाळणारे सॉफ्टवेअर करवून घ्यायचे आहे. त्याला पदराची वीण बोटांनी पारखता येते. पण प्रोग्रॅमरची पारख कशी करावी? धरणाच्या भिंतीला पडलेली भेग वाटसरूलाही दिसते. सॉफ्टवेअरमधील भेग दिसते ती दसऱ्याच्या ऐन गर्दीत, गिऱ्हाईक समोर उभे असताना.

पहिली गोष्ट अशी की, आपली गरज आपल्याच भाषेत लिहून काढावी. ‘आधुनिक प्रणाली हवी’ असे लिहून काहीच साधत नाही. ‘साडी विकली की साठा त्याच क्षणी कमी व्हावा; उधारीची यादी दर शनिवारी मिळावी; वीज गेली तरी नोंद पुसली जाऊ नये,’ असे लिहावे. हे लिहिण्यास तंत्रज्ञान लागत नाही, धंद्याची जाण लागते; आणि ती व्यापाऱ्याइतकी दुसऱ्या कोणालाही नसते.

दुसरी गोष्ट, उमेदवाराच्या प्रशस्तिपत्रांपेक्षा त्याचे वापरात असलेले काम पाहावे. ज्यांच्याकडे ते वर्षभर चालू आहे, त्यांना भेटून विचारावे : बिघाड झाला तेव्हा हा मनुष्य किती वेळात आला? ठरल्यापेक्षा पैसे किती वाढले? पुढे उमेदवारालाच सांगावे, की तुम्ही काय करणार ते मला सोप्या शब्दांत समजावून द्या. ज्याला विषय खरोखर कळला आहे, त्याला तो सांगता येतो. जो कठीण शब्दांआड दडतो, त्याच्यापासून सावध राहावे. आणि जो आपल्या मागणीतील एखादी गोष्ट अनावश्यक आहे असे स्पष्ट सांगतो, त्याचा विशेष विचार करावा. शक्य असल्यास तासाभराचे मानधन देऊन दुसऱ्या एखाद्या जाणकाराचे मत घ्यावे. त्याला हे काम मिळायचे नसल्याने त्याचे मत निःस्पृह असते.

तिसरी गोष्ट टप्प्यांची. कृष्णराजसागराचा आराखडा १२४ फूट उंचीचा होता. पण कावेरीच्या पाण्यावरून मद्रास सरकारशी वाद असल्यामुळे प्रथम ८० फुटांचेच काम हाती घेण्यात आले. पाया मात्र पुढील उंचीला पुरेल असा घातला गेला. आपणही तसेच करावे. आधी केवळ साठ्याची नोंद करवून घ्यावी, ती आपल्या नोकरमाणसांनी पंधरा दिवस वापरून पाहावी, मग त्या टप्प्याचे पैसे द्यावेत आणि पुढे जावे. सारी रक्कम आगाऊ देणाऱ्याच्या हाती विनवणीखेरीज काही उरत नाही.

चौथी गोष्ट किल्ल्यांची, आणि सर्वांत जास्त माणसे फसतात ती येथेच. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी, परवलीचे शब्द आणि माहितीची रोजची प्रत ही मालकाच्याच ताब्यात असावीत. शिवाय कायदाही जाणून घ्यावा. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे येतो. परंतु बाहेरच्या कारागिराकडून ठरावीक कामापुरती करवून घेतलेली आज्ञावली, आपण पूर्ण मोबदला दिला तरी, सामान्यतः त्याच्याच मालकीची राहते. हक्क आपल्याकडे यायचा तर त्याच्या सहीचा लेखी करार हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो हक्क भारतापुरताच मानला जातो.

अभियंत्याचे गणित महाराजांना मांडावे लागले नाही. धरणात किती पाणी हवे आणि ते कोणाच्या शेतात जावे, हे मात्र राज्यालाच ठरवावे लागले. कारागिराची विद्या त्याच्यापाशी राहू द्यावी. काय हवे, कोणत्या क्रमाने हवे आणि किल्ली कोणाच्या हाती राहील, हे ठरविण्याचे काम मात्र धन्याचेच. ते ज्याने दुसऱ्यावर सोपविले, त्याला उत्तम कारागीर मिळूनही काम मनासारखे होत नाही.