गांडूळखताची पेटी आणि चिलटे

गच्चीत गांडूळखताची पेटी आली की पहिले काही आठवडे कौतुकात जातात. मग एके सकाळी झाकण उघडताच चिलटांचा थवा तोंडावर येतो आणि घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, “द्वीन्द्रिय गांडूळ पाळायचे आणि चतुरिन्द्रिय चिलटे मारायची, हा कोणता हिशेब?” प्रश्न रास्त आहे. पिवळे चिकट कागद, व्हिनेगरचा सापळा, औषधाची फवारणी हे सारे जीव घेणारेच उपाय. फवारणीने तर गांडुळांनाही धोका. फळांच्या साली फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला निरुपद्रवी वाटतो, परंतु त्यातही अंडीच नष्ट होतात. तेव्हा श्रावकाच्या घरी उत्पत्ती होऊ न देणे हाच मार्ग उरतो.

फळांवरील चिलटे पुष्कळदा स्वयंपाकघरातूनच पेटीत जातात. पिकलेल्या केळ्या-आंब्यावर ती अंडी घालतात आणि उबदार हवेत अवघ्या 10 दिवसांच्या आसपास नवी पिढी उडू लागते. म्हणून फळे बारीक जाळीखाली ठेवावीत, अतिपक्व होऊ देऊ नयेत. काळसर, नाजूक, लांब पायांची चिलटे मात्र ओल आणि बुरशीवर वाढतात. पेटीतील मूठभर माल दाबून पाहावा. एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल योग्य, धार लागली तर कोरडा नारळाचा भुसा मिसळावा. मोठ्या माश्यांना शिजलेले अन्न आणि दूध-तुपाचे खरकटे बोलावते. ते पेटीत टाकूच नये. गांडुळांना न मानवणारे कांदा-लसूण जैन स्वयंपाकघरातून येतच नाहीत, हा एक आयताच लाभ.

सर्वांत मोठी चूक हौसेची असते. घरातील सारा ओला कचरा पहिल्याच आठवड्यात पेटीत ओतला जातो आणि गांडुळांनी खाण्यापूर्वीच सडू लागतो. आधीचा संपल्याखेरीज नवा घालू नये; घालताना हाताने हलकेच खळगा करावा, कारण खुरप्याने गांडुळे कापली जातात. वर दोन-तीन इंच कोरड्या पानांचा थर हवा, हवेच्या छिद्रांवर मलमलचे फडके हवे.

इतके करूनही चिलटे झालीच, तर पेटी मोकळ्या हवेत नेऊन झाकण उघडावे व त्यांना उडून जाऊ द्यावे. पुढे आठवडाभर नवे खाद्य थांबवावे. तेवढ्यात गांडुळे उपाशी मरत नाहीत.

खरी कसोटी चातुर्मासात लागते. हवाच दमट असते आणि कोरडे पान शोधून मिळत नाही. फाल्गुन-चैत्रातील पानगळीची पाने एका पोत्यात भरून, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवलेली असली, तर ती कार्तिकापर्यंत पुरतात.