‘मोतीबिंदू पुन्हा आला’ म्हणणारे रुग्ण

सातपूरच्या कारखान्यांत लेथवर उमेदीची वर्षे घालविलेला कामगार निवृत्तीनंतर चिकित्सालयात येतो आणि म्हणतो, “वैद्यराज, दोन वर्षांपूर्वी भिंग बसवलं, तरी मोतीबिंदू पुन्हा आला. काही थेंब द्या.” समोरच्या गाडीचा दिवा फाकतो, वर्तमानपत्र धूसर दिसते, डोळा मात्र लाल नाही, दुखत नाही. भिंग हलके निघाले, अशी घरच्यांची समजूत असते.

वस्तुतः मोतीबिंदू पुन्हा येत नाही. शस्त्रकर्मात गढूळ गर काढून भिंगाची पारदर्शक पिशवी राखतात व तिच्यातच कृत्रिम भिंग बसवितात. कडेला उरलेल्या पेशी वाढत पिशवीच्या मागील भित्तीवर सरकतात आणि ती धुरकटते. पूर्वी पिशवीसकट भिंग काढीत. तेव्हा हा उपद्रव नव्हता, पण जाड चष्मा आयुष्यभर नाकावर असे. रिडली यांनी १९४९ मध्ये लंडन येथे पहिले कृत्रिम भिंग बसविले, तेव्हापासून हा प्रश्न सोबत आहे. चौकोनी कडांच्या नव्या भिंगांमुळे त्याचे प्रमाण घटले, संपले नाही.

सुश्रुताने उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशाचे वेधनकर्म व त्याचे उपद्रव सांगितले आहेत. त्यात हा उपद्रव शोधण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. परंतु त्या कर्मात भिंग आवरणासह दृष्टिमार्गातून दूर सारले जाई, अशी आधुनिक मीमांसा आहे. मग धुरकटण्यास मागे काय उरणार?

म्हणूनच येथे मध, अंजन वा कोणताही नेत्रबिंदू उपयोगी नाही. त्रिफळाघृत अन्य कारणासाठी चालू असेल तर असो. त्याने ही भित्ती स्वच्छ होईल असे आश्वासन देऊ नये. उपाय याग लेझरचा. बाहुली मोठी करून, डोळ्यावर छेद न घेता, काही मिनिटांत भित्तीच्या मध्यभागी छोटी खिडकी पाडतात. नंतर डोळ्यातील दाब काही काळ वाढू शकतो; दृष्टिपटल सुटण्याचा धोका अल्प, पण असतो. मधुमेही रुग्णात अंधुकतेचे मूळ दृष्टिपटलातही असू शकते, तेव्हा ‘लेझरने नक्की दिसेल’ असेही आपण सांगू नये. नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी.

औषधालयचालकांस एक विनंती. “मागच्याच बाटलीसारखी द्या” म्हणून रुग्ण स्टिरॉइडचे थेंब मागतो. चिठ्ठीविना ते देऊ नयेत, काचबिंदू ओढवतो. शस्त्रकर्मानंतरच्या पहिल्या दिवसांत डोळा लाल होऊन ठणकू लागला, किंवा लेझरनंतर विजेसारख्या चमका व काळे ठिपके अकस्मात वाढले, तर रुग्णास त्याच दिवशी नेत्र रुग्णालयात धाडावे, रविवार असला तरी.