ठमीची ड्यूटी

पहाटे साडेपाच. पुढचे पाय लांब, कंबर वर, मग मागचा एकेक पाय ताणून झाला की ठमी माझ्या नाकाला नाक लावते. जात गावठी, वय पाच, मुक्काम पुण्यातल्या एका सोसायटीचा तिसरा मजला.

सहा. आपण म्हणायचं, कुत्रीला फिरवून आणतो. प्रत्यक्षात कुठे थांबायचं ते ती ठरवते. प्रत्येक खांब हुंगायचा, त्यावर आपले दोन थेंब टाकायचे. एखाद्या जागी ती जीभ लपलप करत दात वाजवते. टाळूच्या वर जेकबसनचं इंद्रिय असतं, तिकडे वास पोचवायची ही तऱ्हा. मग ‘शी’साठी गोल गोल फेऱ्या. 2013 साली चेक आणि जर्मन संशोधकांनी 70 कुत्र्यांच्या नोंदी ठेवून मांडलं, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण रेषेत बसणं पसंत करतात. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेलही मिळालं. मी मोबाइलवरचं होकायंत्र धरून पाहिलं, तर ठमी सरळ पूर्वेकडे तोंड करून बसली! सोसायटीत विजेच्या तारा फार, असं म्हणून मी विज्ञानाला सांभाळून घेतलं.

उरकल्यावर ती मागच्या पायांनी माती उडवते. वॉचमनकाका कौतुकानं म्हणतात, “झाकतेय बघा, शहाणी आहे.” झाकत कसली! पंजातल्या ग्रंथींचा वासही ती तिथे सोडतेय. काकांना हे सांगायचा धीर होत नाही.

नऊ ते बारा, दारावरची बेल. कुरियरवाला येतो, ठमी भुंकते, तो पार्सल देऊन जातो. आपल्या लेखी तो जाणारच होता. तिच्या हिशेबी तिनं त्याला पळवला, आणि हा डाव ती आजवर एकदाही हरलेली नाही. मग ती भुंकणं का सोडेल? आपण “गप्प बस!” म्हणून ओरडलो, की घरातले सगळेच आपल्या बाजूनं भुंकतायत, असाच तिचा समज होत असणार.

साडेबारा. पोट भरलेलं असताना मिळालेली चतकोर पोळी ती सोफ्याच्या उशीमागे ठेवते आणि नाकानं त्यावर माती लोटते. माती नाहीच, तरी चार-पाचदा लोटते. मग गादी उकरून, फेऱ्या मारून बसते. रस्त्यावरची कुत्री एप्रिलच्या उन्हात हेच करतात, पण त्यांना खाली गार माती लागते.

दोन. झोपेत पाय हलतात, मिशा थरथरतात. उठवू नये.

चार. चपलेचा अंगठा कुरतडलेला. ठमी कान पाडून, नजर चुकवून उभी. आई म्हणते, “बघ, चुकलं ते कळतं तिला.” न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 चा प्रयोग वेगळंच सांगतो. खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांना मालक रागावले, तेव्हा त्यांनीही हाच चेहरा केला. तो आपल्या आवाजाला दिलेला जबाब असतो, चपलेबद्दलची कबुली नव्हे.

सात. देवळातला शंख, आणि ठमीचा सूर.

दहा. पंजे चाटणं. इथे मात्र मी पुस्तक बाजूला ठेवून बघतो. आधी बोटांच्या बेचक्यात गोचीड, जखम, खाज आहे का ते पाहायचं. हाक मारल्यावर थांबते का? खाऊ दाखवूनही थांबत नसेल, केस जाऊन कातडी ओली, लाल दिसत असेल, तर जनावरांचा डॉक्टर गाठावा. पहिल्या मजल्यावरचा डॉबरमन स्वतःची कूस तोंडात धरून चोखत बसतो आणि मुलं त्याचे व्हिडिओ काढतात. मला ते बघवत नाही. या जातीतल्या त्या खोडीचा संबंध सातव्या गुणसूत्रावरच्या एका भागाशी असल्याचं 2010 मध्येच दिसलं आहे. स्वतःच्या शेपटीमागे तासन्‌तास फिरणाऱ्या कुत्र्यालाही आपण असेच हसतो. त्यांना औषध लागतं, व्यायाम लागतो, डोक्याला काम लागतं.

“ठमे, पुरे.” ती थांबते, माझ्याकडे बघते आणि दुसरा पंजा चाटायला घेते.