पिसं झडलेलं पाखरू सोडून देऊ का?

आमच्या गटातल्या एका ताईनं बाजारातून लव्हबर्डची नवी जोडी आणली आणि घरच्या जुन्या पाखरांतच सोडली. पुढं मडक्यातली पिल्लं बाहेर आली, तर पंखाशेपटीची पिसं नाहीत! उडायचं सोडून जमिनीवर नुसती पळतात. शेजारीण म्हणाली, "सोडून दे रानात, देव बघेल." ताईनं मला विचारलं, म्हणून आज हा विषय.

(आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ती बहुतेक बजरीगर जातीची, मूळची ऑस्ट्रेलियातली पाखरं. आपला कंठीवाला हिरवा पोपट मात्र पाळूच नये. 1972च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.)

पिसं झडायला कारणं पुष्कळ असतात. वर्षाची पीसगळ असते, गोचिडी-पिसवांसारखे किडेही असतात. पण नवी पिसं वाकडी, मुडपलेली, देठात रक्त साकळलेली येत असतील, दोन्ही पंखांना सारखीच झडत असतील, तर चोच-पिसांच्या आजाराची शंका घ्यावी. मोठ्या काकाकुव्यांत चोचही वाढते, तडकते. हा विषाणूचा आजार आहे. पिसांचा भुसा, विष्ठा, आईनं पिल्लाला भरवलेला घास, यांतून तो पसरतो. पाखरू वरून ठणठणीत दिसतं आणि आतून आजार वाटत असतं, हीच खरी अडचण. यावर औषध नाही. दुकानदार बाटली देईल, पण ती या विषाणूला मारत नाही. काही बजरीगर आपोआप सुधारतात, काही नाही.

आता सोडून देण्याचं. मॉरिशस बेटावर आपली मराठी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथला रानपोपट, एको पॅराकीट, 1980च्या दशकात जेमतेम दहा-वीस उरला होता. लोकांनी घरटी राखून, पिल्लं वाढवून त्याची संख्या शेकड्यांवर नेली. आणि 2005 साली त्यांच्यात हाच आजार शिरला. माणसांनी तिथं नेलेले आपले कंठीवाले पोपट सुटून रानात वाढले आहेत, त्यांच्यातही हा विषाणू सापडला. आपल्या चिंचेवर, वडावर पोपटांचे थवे बसतात. तिथं आजारी पाखरू सोडायचं?

मी ताईला सांगितलं, आजारी पाखरं वेगळ्या खोलीत ठेव. आधी निरोग्यांचं दाणापाणी कर, मग आजाऱ्यांचं, आणि हात धू. कोरडा झाडू मारू नको, भुसा उडतो. ओल्या फडक्यानं पूस. जुनं मडकं, लाकडी दांड्या जाळून टाक. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. विक्री आणि जोड्या लावणं बंद. हा आजार माणसाला किंवा कोंबड्यांना होत नाही, पण पोपटांचा दुसरा एक जिवाणूंचा ताप माणसाला लागतो, म्हणून साफसफाईला तोंडावर पदर घे.

जनावरांच्या डॉक्टरांना पाखरू दाखवावं. पीस किंवा रक्ताचा नमुना ते बाहेर पाठवू शकतात; करोनात होत असे तशीच पीसीआर तपासणी असते. ताईचा नमुना गेला आहे. तोवर तिनं नव्या जोडीचे आगाऊ घेतलेले पैसे गिऱ्हाइकाला परत केले.