हॉर्सशू क्रॅब : निळ्या रक्ताचा जिवंत जीवाश्म

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले झाशी छावणीतील रुग्णालय असो वा कोकणातील आरोग्य केंद्र. तेथे टोचल्या जाणाऱ्या लशीच्या सुरक्षिततेशी एका सागरी जीवाचा निकटचा संबंध आहे. हा जीव म्हणजे हॉर्सशू क्रॅब होय.

नावात ‘क्रॅब’ असला तरी तो खरा खेकडा नव्हे. घोड्याच्या नालासारखे कवच आणि लांब, टोकदार शेपूट असलेला हा संधिपाद प्राणी कोळी व विंचू यांना अधिक जवळचा आहे. त्याचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरच्याही कितीतरी आधीचे आहेत. आज जगात त्याच्या केवळ चार प्रजाती उरल्या आहेत. त्यांपैकी दोन भारतात, प्रामुख्याने ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांचा अभ्यास झाला आहे.

त्याच्या रक्तात लोहयुक्त हिमोग्लोबिनऐवजी तांबेयुक्त हिमोसायनिन असते. म्हणून ते निळे दिसते. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील विषारी घटकाचा, म्हणजे एंडोटॉक्सिनचा, अंश जरी आला तरी या रक्तातील पेशींमुळे गुठळी तयार होते. उष्णतेने जिवाणू मरतात, परंतु एंडोटॉक्सिन शिल्लक राहू शकते व रुग्णाला तीव्र ताप येऊ शकतो. पूर्वी ही तपासणी सशांवर केली जाई. लेव्हिन व बँग यांच्या १९६४ मधील संशोधनातून रक्तपेशींच्या अर्कावर आधारित सोपी चाचणी विकसित झाली आणि १९७७ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

सिंगापूरमधील संशोधकांनी याच प्राण्याच्या जनुकापासून प्रयोगशाळेत पर्यायी घटक तयार केला असून त्याचा स्वीकार वाढत आहे. त्यामुळे रक्तासाठी होणारी पकड कमी होईल. तथापि भारतातील संकट वेगळे आहे. भरतीच्या वेळी हे प्राणी अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येतात व प्रौढ होण्यास अनेक वर्षे घेतात. धूप, बांधकामे आणि मासेमारीची जाळी यांमुळे ही किनारपट्टीच आक्रसत आहे. आशियातील तीन काट्यांची प्रजाती २०१९ मध्ये संकटग्रस्त घोषित झाली.

म्हणूनच केवळ कायदेशीर संरक्षण पुरेसे नाही. अंडी घालण्याच्या जागा मोकळ्या ठेवणे आणि जाळ्यात अडकलेले प्राणी मच्छीमारांच्या सहभागाने पुन्हा समुद्रात सोडणे, हाच त्यांच्या रक्षणाचा व्यवहार्य मार्ग होय.