पंचनाम्याला तारीख लागते

मागच्या वेळी आपण राशीचा पेच पाहिला. धान्याच्या राशीतून एकेक दाणा काढत गेलो, तर रास ‘रास’ राहत नाही ती नेमक्या कुठल्या दाण्याला? ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीसच्या नावावर असलेला हा प्रश्न आम्ही वर्गात घालायचो, तेव्हा मुलं हसायची. रायगडच्या खारेपाटातला शेतकरी मात्र हसणार नाही.

खारेपाट म्हणजे खाडीकाठी मातीचे बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातजमीन. बांधात उघाडी असते. ओहोटीला ती पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला खारं पाणी अडवते. बांधांची उंची ठरली ती त्या काळच्या उधाणांवरून. पण १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली, आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला साधारण ३.७ मिलिमीटर झाला. तापलेलं पाणी प्रसरण पावतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची मुख्य कारणं.

वीतभर पाण्याने काय होतं, असं आपल्याला वाटेल. पण पूर्वी क्वचित बांधाच्या माथ्याला टेकणारं उधाण आता वारंवार टेकू लागतं. डागडुजी रखडलेली असेल, तर बांधाला खांड पडते. खारं पाणी शिरलं की भातपीक गेलं. मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जातात. पाणी येतच राहिलं, तर तिथे कांदळवन उगवतं. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते हवंच. पण शेतकऱ्याच्या हातात उरतो नुसता सातबारा. भाताबरोबर पेंढा जातो, गुरं जातात, मजुरी जाते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पंचनामे झाले. वादळाला तारीख असते. मिलिमीटरला कुठली तारीख? नुकसान म्हणजे एक घटना, तिला एक दिवस आणि एक कारण, असं आपण धरून चालतो. इथे बांधाकडचं दुर्लक्ष किती आणि समुद्र किती, हे वेगळं काढणं अवघड. म्हणून मग जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

राशीचा पेच सुटला नाही, तरी रास घटते आहे हे डोळ्यांना दिसतंच की. शेवटच्या दाण्याची वाट कशाला पाहायची? बांधाची उंची, उघाडीची स्थिती, मातीतला क्षार यांची नोंद गावाने आणि सरकारने मिळून दरवर्षी ठेवली, तर हळूहळू होणाऱ्या नुकसानालाही तारखा मिळतील. आणि तारीख मिळाली, की जाब विचारता येतो.