ही पेटी ओळखून घ्या!

निगडीच्या घराघरांतून हल्ली सकाळी दहाला एकच तारांबळ उडते. 'ह्यां'ची चाकणच्या कारखान्याशी पडद्यावरची बैठक, मुलाचा ऑनलाइन क्लास, सासूबाईंची मालिका. आणि तुमची स्वतःची शिकवणी? ती नेमकी अडकते. "तू जरा नंतर घे ना," हे आपल्यालाच ऐकावं लागतं. म्हणून मैत्रिणींनो, राउटरशेजारची ती लुकलुकत्या दिव्यांची पेटी आपणच समजून घेऊ या.

दुकानात तिला सर्रास 'हब' म्हणतात. खरा हब म्हणजे गणपती मंडळाचा कर्णा! एका वायरीतून आलेला निरोप तो बाकीच्या सगळ्या वायरींवर ओरडून सांगायचा. ज्याचा असेल त्यानं घ्यावा. दोघं एकदम बोलले की टक्कर, मग दोघांनी थांबून पुन्हा सुरुवात. आज 'गिगाबिट हब' म्हणून मिळतो तो मात्र 'स्विच' असतो, आणि तो फार हुशार असतो बरं का. संगणक, टीव्ही, प्रिंटर, प्रत्येकाला कारखान्यातूनच बारा अक्षर-आकड्यांचा पत्ता मिळालेला असतो. निरोप छोट्या पाकिटांतून जातात. प्रत्येकावर धाडणाऱ्याचा नि घेणाऱ्याचा पत्ता. कोणत्या खोबणीतून कोणाचं पाकीट आलं, हे पेटी टिपून ठेवते. पत्ता अनोळखी असला तर तेवढ्यापुरतं सगळीकडे धाडते. उत्तर आलं की घर पाठ! मग मुलाच्या संगणकाचं पाकीट टीव्हीच्या वायरीवर जात नाही.

पण सगळ्यांनाच राउटरच्या एका वायरीवरून बाहेर जायचं असेल तर? पेटी पाकिटांना क्षणभर रांगेत उभं करते. रांग फारच वाढली तर काही टाकून देते, ती पुन्हा धाडावी लागतात. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट, पण हा वेग घरातल्या घरातला. तुमचं कनेक्शन १०० चं असेल तर पेटीनं ते वाढत नाही. हे दुकानदार आपणहून सांगेल, अशी आशा नको!

महागडा प्लॅन घेण्याआधी वायर तपासा. १०० च्या वेगाला वायरीतल्या आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. टोकाशी एखादी तार नीट बसली नसली, तर वेग निमूट १०० वर उतरतो. ३०० चा प्लॅन असेल तर पैसे फुकट. वायर 'कॅट ५ई' किंवा त्यावरची घ्या, दाराच्या फटीत चेपू देऊ नका. १०० मीटरपर्यंत ती चालते, म्हणजे वरच्या मजल्याची काळजी नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणानं आखलेल्या सेक्टरांतल्या जुन्या घरांत स्लॅब आणि भिंती ओलांडताना वाय-फाय दमतं. तिथं तर वायरच बरी.

आणखी एक. साफसफाईत वायरीचं सुटं टोक दिसलं म्हणून त्याच पेटीत खोचू नका. दोन्ही टोकं एकाच साध्या पेटीत गेली की काही पाकिटं गोल गोल फिरत राहतात आणि साऱ्या घराचं नेट ठप्प!

जागचे हलत नाहीत त्या टीव्ही-संगणकांना वायर द्या, वाय-फाय मोबाइलला राहू द्या. आणि एक वायर तुमच्या टेबलापर्यंत ओढून घ्याच, सगळ्यांचं झाल्यावर नव्हे, आधी. राउटर नि पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे वीज गेली तरी शिकवणी चालू राहील.